अथेन्सची अथीना, स्पार्टाची अथीना

गुरुवार, अथेन्स

अक्रोपोलिसचं, म्हणजे अथेन्सच्या जुन्या देवळांच्या टेकडीचं, तिकीट आता वेळ ठरवून काढावं लागतं. आम्ही सकाळी आठचं घेतलं होतं, तरी प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांवर चांगलीच गर्दी होती. वर पोचल्यावर सगळा लोंढा उजवीकडे पार्थेनॉनकडे वळला. ताईला आणि मला आधी बघायचं होतं ते पार्थेनॉन आणि एरेख्थिऑन ह्या दोन देवळांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही. जमिनीलगत दगडी पायाच्या काही ओळी, बस्स. बरेच जण त्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते.

हा ग्रीक देवी अथीना पोलियास हिच्या जुन्या देवळाचा पाया. पोलियास म्हणजे नगराची, नगर राखणारी. इसवीसनपूर्व सहाव्या शतकात बांधलेलं हे देऊळ इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजेने जाळलं. पार्थेनॉन नंतरचं. त्यातली फिदियासने घडवलेली सोन्या-हस्तिदंताची मूर्ती भव्य होती, पण नगराचा खरा जीव एका जुन्या लाकडी मूर्तीत होता. ऑलिव्हच्या लाकडाची, आकाशातून पडली अशी समजूत असलेली ही मूर्ती पुढे एरेख्थिऑनमध्ये असायची. पॅनाथिनेआ ह्या अथीनेच्या उत्सवात विणलेलं नवं वस्त्र वाजतगाजत टेकडीवर यायचं, ते हिच्यासाठी. आज मूर्तीही नाही आणि तिचं एखादं खात्रीचं चित्रही नाही. एरेख्थिऑनला खांबांच्या जागी असलेल्या प्रसिद्ध दगडी मुली मात्र आहेत. वर उभ्या आहेत त्या प्रतिकृती, खऱ्या पाच खाली संग्रहालयात आणि एक लंडनला.

ह्याच देवीच्या दारात इ.स.पू. ५०८ च्या सुमारास घडलेला एक प्रसंग ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलाय. स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस अथेन्सच्या राजकारणात लुडबूड करायला फौज घेऊन आला, टेकडी ताब्यात घेतली आणि देवीपुढे जायला निघाला. पुजारीण आसनावरून उठली. म्हणाली, स्पार्टाच्या पाहुण्या, मागे फिर, डोरियन लोकांना इथे प्रवेश नाही. राजा म्हणाला, बाई, मी डोरियन नाही, अखियन आहे. (ह्या ग्रीकांच्या दोन शाखा, स्पार्टाकर डोरियन समजले जात.) आत शिरलाच तो. पण अथेन्सकरांनी टेकडीला वेढा घातला आणि तिसऱ्या दिवशी त्याला तह करून निघून जावं लागलं.

ताई म्हणाली, "अरे, पण स्पार्टाचीही देवी अथीनाच ना? मग ह्याला दारातून हाकलायचं कशाला?"

खरं तर आमची सगळी सहल ह्याच प्रश्नासाठी होती.

दुपारी अक्रोपोलिस संग्रहालय. इथे आल्यावर बहुतेक लोक थेट वरच्या मजल्यावर, पार्थेनॉनच्या शिल्पपट्ट्यांकडे जातात. आम्ही पहिल्या मजल्यावर, जुन्या मूर्तींच्या दालनात अडकलो ते अडकलोच. खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात संगमरवरी मुली उभ्या आहेत. घड्या घातलेलं वस्त्र, वेण्या, ओठांवर बारीक हसू, काहींच्या वस्त्रांवर अजून लाल-निळा रंग. ह्या सगळ्या अथीनेला वाहिलेल्या. इराण्यांनी मोडतोड केल्यावर अथेन्सकरांनी त्या टेकडीवरच पुरल्या, म्हणून वाचल्या. १८८६ मध्ये एरेख्थिऑनच्या जवळ एकाच खड्ड्यात चौदा सापडल्या.

त्यातली सगळ्यात उंच, दोन मीटरहून जास्त, पुढे केलेला हात तुटलेली. तिच्या चौथऱ्यावर कोरलंय की नेआर्खोस कुंभाराने आपल्या कामातला पहिला वाटा म्हणून ही अथीनेला अर्पण केली, आणि घडवली युमारेसचा मुलगा अँटेनोर ह्याने. एका कुंभाराने! मडकी विकून एवढी संगमरवरी मूर्ती उभी करायची म्हणजे धंदा किती चालत असेल. आणि नावापुढे धंदा लिहायला त्याला अजिबात लाज वाटली नाही, हे मला जास्त आवडलं.

हे लेख वाचायला एकदा डोळे सरावले की त्यातलं गणित कळायला लागतं. देणाऱ्याचं नाव, मग "मला अर्पण केलं", मग देवी. "मला" हा शब्द दगड बोलतो, वस्तू बोलते. ह्याच टेकडीवरच्या एका खांबावर आहे: इफिदिकेने मला नगररक्षक अथीनेला अर्पण केलं, घडवणारा खिऑसचा आर्खेर्मोस. दुसऱ्या एका दगडावर स्मिकिथे नावाची बाई आहे, धंदा धोबिणीचा, आणि दिलाय कमाईचा दहावा हिस्सा. फ्रिगिया नावाच्या पाव विकणाऱ्या बाईने ब्रॉन्झची चिमुकली ढाल दिली, तिच्यावर गॉर्गनचा, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसिणीचा चेहरा. तिच्या पलीकडे सेनापती कॅलिमाखोस, इराण्यांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईत इ.स.पू. ४९० मध्ये पडलेला. त्याच्या नावाचा स्तंभ आणि वरची पंखवाली मूर्ती इथे जोडून उभी केली आहे. अक्षरं खांबाच्या खोबणीतून वरून खाली उतरत जातात, वाचायला मान वाकडी करावी लागते. सेनापती आणि धोबीण एकाच टेकडीवर, एकाच देवीपुढे, जवळजवळ एकाच साच्याच्या वाक्यात.

आपल्याकडच्या लेण्यांत असे लेख वाचलेल्याला हा साचा ओळखीचा वाटतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिल्याचं कोरलंय. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. यवन म्हणजे प्रत्येक वेळी अस्सल ग्रीकच असेल असं नाही, पण त्या बाजूची माणसं आमच्या सह्याद्रीत येऊन ब्राह्मी लिपीत, प्राकृतात नाव, गाव आणि दान लिहून गेली एवढं पक्कं. तिथे देवता नगराची नव्हती, दान भिक्षुसंघाला होतं. त्यामुळे साचा सारखा असला तरी हेतू अगदी वेगळा.

शुक्रवार, अथेन्स

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्याच इमारतीत, पण वेगळ्या दाराने, तोसित्सा रस्त्यावरून आत गेलं की शिलालेख संग्रहालय. शेजारी पर्यटकांच्या बसेस उभ्या असतात आणि इथे आत आम्ही दोघं, एक जर्मन दिसणारा विद्यार्थी आणि पहारेकरी बाई. नुसते दगड. तेरा हजारांहून जास्त लेख ह्या संस्थेकडे आहेत, मांडलेले त्यातले थोडेच. ज्याला अक्षरांत रस नाही त्याने इथे येऊ नये, उगाच ताप होईल.

मधल्या दालनात एक राक्षसी शिळा उभी आहे, साडेतीन मीटरहून उंच. मूळ दगडाचे पावणेदोनशेहून जास्त तुकडे सापडले, ते जोडून, मधल्या जागा भरून ती उभी केली आहे. तुकडे करडे-पिवळट आणि भरलेला भाग सपाट, त्यामुळे दुरून ती ठिगळं लावल्यासारखी दिसते. जवळ गेल्यावर अक्षरं. एकाखाली एक, आडव्या-उभ्या ओळींत इतकी नेटकी बसवलेली की जणू आधी चौकटी आखून घेतल्या होत्या. पहारेकरी बाईंनी आमचा रस बघितला आणि स्वतःहून मोबाईलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरला. तोपर्यंत जिथे मला नुसता खरबरीत पृष्ठभाग दिसत होता तिथे अक्षरांच्या खाचांत सावली भरली आणि एक ओळ उठून आली: आकडा, मग गावाचं नाव. खाली दुसरा आकडा, दुसरं गाव.

इराणविरुद्ध अथेन्सने जी नगरांची आघाडी केली, तिचा खजिना आधी डेलॉस बेटावर होता, इ.स.पू. ४५४ मध्ये तो अथेन्सला आला. तेव्हापासून प्रत्येक नगराने दिलेल्या खंडणीतला साठावा भाग अथीनेचा. ही शिळा त्या साठाव्या भागाचा हिशोब आहे, एका वर्षाखाली दुसरं वर्ष. खंडणीची मूळ रक्कम कोरलेली नाही, देवीचा वाटा तेवढा कोरलाय.

ताई आयुष्यभर बँकेत होती. ती चष्मा वर करून शिळेजवळ गेली आणि "ह्या एच म्हणजे काय?" असं विचारलं. एच म्हणजे शंभर द्राख्मा (तेव्हाचं नाणं), त्रिकोणासारखा डेल्टा म्हणजे दहा. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार द्राख्मा. "म्हणजे जिथे एक एच आहे त्या गावाने बरोबर एक टॅलेंट भरला," ती म्हणाली. तिथून पुढचा अर्धा तास ती गावांची खंडणी काढत होती आणि मी टिपणं. मधे एकदा म्हणाली, "काल त्या धोबिणीने दहावा हिस्सा दिला, हे साठावा घेऊन बसलेत. मोठ्यांना व्याजदर कमी, तेव्हाही!"

हसण्यावारी गेलं ते, पण मुद्दा बरोबर होता. धोबिणीचा दहावा हिस्सा तिच्या घामाचा होता. शिळेवरचा साठावा भाग दुसऱ्यांकडून घेतलेल्या पैशांतला. देवी तीच, दोन्हीकडे तिचा वाटा आहे, पण ह्या शिळेवरची अथीना नगर राखणारी राहिलेली नाही, ती साम्राज्याची भागीदार झाली आहे. ज्या गावांची नावं इथे कोरली आहेत त्यांना तिच्याविषयी काय वाटत असेल ह्याचा विचार करत मी पुढच्या दालनात गेलो.

तिथला दगड लहान आणि वादग्रस्त. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनेस द्वीपकल्पातल्या ट्रॉइझेनला तो सापडला. मायकेल जेमसन ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९६० मध्ये तो प्रसिद्ध केला तेव्हा खळबळ उडाली. इराणी फौज येत असताना अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीज ह्याने मांडलेला ठराव असं त्यावर लिहिलंय, पण अक्षरांचं वळण इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं, म्हणजे घटनेनंतर दोनेकशे वर्षांचं. जुन्या ठरावाची नक्कल, की मागाहून रचलेला देशभक्तीचा मजकूर, ह्यावर विद्वानांत अजून जुंपते. मला त्यातला पहिलाच ठराव फार विलक्षण वाटतो: नगर अथेन्सच्या स्वामिनी अथीनेच्या आणि इतर सर्व देवांच्या हवाली करावं, त्यांनी ते राखावं. बायकामुलं ट्रॉइझेनला, म्हातारी माणसं आणि चीजवस्तू सालामिस बेटावर. खजिनदार आणि पुजारिणींनी टेकडीवरच थांबून देवांची मालमत्ता सांभाळावी. बाकी सगळे पुरुष दोनशे जहाजांवर.

म्हणजे ज्या देवीने नगर राखायचं, तिच्या स्वाधीन रिकामं नगर करून निघून जायचं. हिरोडोटसने ह्याची दुसरी बाजू सांगितली आहे. टेकडीवरच्या देवळात एक पवित्र साप राहतो अशी समजूत होती, त्याला दर महिन्याला मधाची पोळी ठेवत. त्या वेळी पोळी तशीच राहिली. पुजारिणीने ते सांगितल्यावर लोकांनी ताडलं की देवी स्वतःच टेकडी सोडून गेली, आणि मग गाव सोडायला ते जास्त तयार झाले. ठराव म्हणतो देवी इथे राहून राखेल, साप म्हणतो ती आधीच गेली. दोन्ही गोष्टी गावाने एकदमच मानल्या असणार. संकटात माणूस तर्काची इतकी पर्वा करत नाही.

पुजारिणींवरून आठवलं. पोलियासचं पुजारीपण एका ठरावीक घराण्यात असे आणि ते जन्मभराचं. लिसिमाखे नावाची एक पुजारीण चौसष्ट वर्षं त्या जागेवर होती. तिचा पुतळा उभारला होता, त्याची नोंद रोमन लेखक प्लिनीकडे आहे.

शनिवार, अथेन्स ते स्पार्टा

किफिसोस बसस्थानकावरून स्पार्टाची बस. साधारण तीन तास. कोरिंथचा कालवा क्षणभर दिसतो आणि जातो, मग डोंगर सुरू होतात. त्रिपोलीच्या मैदानात तेगेआ लागतं. तिथे आम्ही उतरलो नाही, पण तिथल्या नगररक्षक अथीनेची गोष्ट ताईला सांगितली. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की तेगेआच्या राजाला अथीनेने मेडुसा ह्या गॉर्गनच्या केसांची एक बट दिली, हे नगर कधी कोणी जिंकू नये म्हणून. त्या देवळात पुजारी वर्षातून एकदाच शिरायचा. मेडुसाच्या केसाने गाव वाचवायचं हे ऐकून ताईने विचारलं, "मग वाचलं का?" स्पार्टाने तेगेआला बरंच छळलं, पण गिळंकृत मात्र केलं नाही. बटीचा गुण म्हणायचा.

स्पार्टात उतरल्यावर बरेच लोक निराश होतात. आजचं गाव १८३४ मध्ये ग्रीसचा राजा ओटो ह्याच्या काळात नव्याने वसवलेलं, सरळ रस्ते, पाम, संत्र्यांची झाडं, मागे चोवीसशे मीटर उंचीचा टायगेटस डोंगर. प्राचीन स्पार्टा उत्तरेला एका बुटक्या टेकडीवर आहे, ऑलिव्हच्या बागेत. संध्याकाळी चालत गेलो. तिकीट नाही, रखवालदार नाही. उतारावर रोमन काळातलं नाट्यगृह, वर काही पायाचे दगड. हेच स्पार्टाच्या अथीनेचं देऊळ. तिला खाल्किओइकोस म्हणत, कारण देवळाला ब्रॉन्झचे पत्रे मढवले होते, आणि पोलिआखोस, नगर राखणारी.

गंमत म्हणजे ह्या नगराला शतकानुशतकं तटच नव्हता. आमची माणसं हाच आमचा तट, अशी त्यांची ऐट. मग राखणारी देवी टेकडीवर ठेवून खाली सगळं उघडं.

ह्या देवळात एक भयानक प्रकार घडला. प्लाटियाच्या लढाईत इराण्यांना हरवणारा स्पार्टाचा सेनापती पॉसेनियस (वरचा प्रवासी वेगळा, नाव तेवढं एक) पुढे इराणशी संधान बांधल्याच्या आरोपात सापडला. पकडायला माणसं आली तेव्हा तो पळत ह्या देवळाच्या आवारातल्या एका खोलीत शिरला. देवीच्या आसऱ्याला आलेल्याला ओढून काढता येत नाही. इतिहासकार थ्युसिडिडिस लिहितो, त्यांनी छप्पर काढलं, दारं भिंत घालून बंद केली आणि त्याला उपाशी ठेवलं. जीव जायच्या बेतात आला तेव्हा बाहेर आणलं, म्हणजे मृत्यू आत व्हायला नको. तो बाहेर आल्याबरोबर मेला. मग डेल्फीच्या देवाने (ग्रीक तिथे कौल लावत) सांगितलं की हे पाप झालं, एका देहाच्या बदल्यात दोन देह द्या. त्यांनी ब्रॉन्झचे दोन पुतळे देवीला वाहिले. नियमाची अक्षरं पाळून त्याचा जीव मारायचा, आणि दंडही भरायचा पुतळ्यांनी. स्पार्टाच्या कडक शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांनी ही टेकडी जरूर बघावी.

रविवार, स्पार्टा

संग्रहालय लहान, आणि मला ह्या सगळ्या सहलीत ते सगळ्यात जास्त आवडलं. डॅमोनॉनची शिळा हीच मुख्य गोष्ट. वर चार घोड्यांच्या रथाचं उठावचित्र, घासलेलं, पण घोड्यांचे पाय अजून कळतात. खाली भरगच्च मजकूर. सुरुवात अशी: डॅमोनॉनने हे अथीना पोलिआखोसला अर्पण केलं, आजच्या कोणीही कधी जिंकलं नाही असं जिंकून.

आणि मग यादी. कुठल्या उत्सवात किती वेळा, कुठल्या शर्यतीत. चार घोड्यांचा रथ त्याने स्वतः हाकला, हे पुन्हापुन्हा सांगितलंय. कारण ऑलिंपियाच्या मोठ्या खेळांत रथ हाकणारा सहसा पगारी असायचा आणि बक्षीस घोड्यांच्या मालकाला. रथाच्या घोड्या त्याच्याच घोडींच्या पोटच्या, त्यांचा बापही त्याचाच घोडा. लहानपणी तो धावायच्या शर्यती जिंकला त्या वेगळ्या, आणि मुलगा एनिमाक्राटिदास जिंकला त्याही नोंदवल्या आहेत. गंमत अशी की सगळे सामने स्पार्टाच्या आसपासच्या लाकोनिया आणि मेसेनियातले, गावजत्रांतले. ऑलिंपियाचं नाव कुठे नाही. हा पंचक्रोशीतला पैलवान. त्याची सगळी मिजास आपल्या नगराच्या देवीपुढे मांडलेली, कारण तिलाच ह्या जत्रांची किंमत कळणार.

ताईच्या गुरुवारच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं असं वाटतं. आपल्याकडे भैरोबा सगळीकडे आहे, पण गावाच्या लेखी आपला भैरोबा तो आपला, शेजारच्या गावच्या भैरोबाचा संबंध नाही. ग्रीकांच्या कथाकाव्यात अथीना एकच असेल. पण नवस लिहिणाऱ्याने कधीकधी "अथीना" एवढ्यावर भागवलं नाही. त्याने तिच्यापुढे विशेषण लावलं, जागा सांगितली. अथेन्सची ती ऑलिव्हच्या लाकडात, स्पार्टाची ब्रॉन्झच्या घरात. क्लिओमेनिसला पुजारिणीने हाकललं तेव्हा तिला वाटलं नसेल की ती स्पार्टाच्या देवीचा अपमान करत्येय.

ग्रीक महाकवी होमरलाही ही अडचण माहीत होती. त्याच्या इलियडच्या सहाव्या सर्गात, ग्रीकांनी हल्ला केलेल्या ट्रॉय नगराच्या बायका सगळ्यात सुंदर वस्त्र घेऊन ट्रॉयच्या टेकडीवरच्या अथीनेच्या देवळात जातात. पुजारीण थेआनो ते देवीच्या मांडीवर ठेवते आणि नगर राखणारी म्हणून तिला हाक मारते, ग्रीक योद्धा दिओमिदिसचा भाला मोडू दे म्हणते. देवी मान हलवते, नाही. कारण कथेत ती ग्रीकांच्या बाजूची. कवीने दोन अथीना एका दृश्यात समोरासमोर आणल्या, आणि गावाची हरली. डॅमोनॉनला कोणी असं सांगितलं असतं तर तो खवळला असता.

दुसऱ्या खोलीत आर्टेमिस ऑर्थिया ह्या दुसऱ्या देवीचे दगड. तरुणांच्या स्पर्धा व्हायच्या, जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून लोखंडी विळा मिळायचा, तो दगडात बसवून देवीला अर्पण करायचा. काही दगडांत विळ्याचं गंजलेलं पातं अजून आहे, काहींत नुसती विळ्याच्या आकाराची खाच. शेजारच्या कपाटात शिशाच्या छोट्या छोट्या आकृत्या: योद्धे, हरणं, माळा, अंगठाएवढ्या. इंग्रज उत्खननकारांना १९०६ ते १९१० मध्ये ह्या ऑर्थियाच्या जागेत अशा लाखभर मिळाल्या. त्यांवर एक अक्षर नाही. ज्याला संगमरवर परवडत नाही, लिहिता येत नाही, त्याचा नवस हा.

सोमवार, मेनेलायॉन

परतीची बस दुपारची होती, म्हणून सकाळी टॅक्सीने युरोटस नदीपलीकडे, गावापासून पाचेक किलोमीटरवरच्या टेकडीवर. ट्रॉयच्या कथेतला स्पार्टाचा राजा मेनेलाओस आणि हेलेन यांचं हे देवस्थान. इथे सापडलेली एक ब्रॉन्झची तेलाची कुपी काल संग्रहालयात बघितली होती, इसवीसनपूर्व सातव्या शतकातली. डेइनिसने ती मेनेलाओसची बायको हेलेन हिला वाहिली असं तिच्यावर खरडलंय. दुसरी एक ब्रॉन्झची वस्तू मांस उचलायच्या आकड्याची, तीही हेलेनला. १९७० च्या दशकात हे दोन लेख मिळाले आणि इथे हेलेनची पूजा होत असे ह्याला हातात धरता येईल असा पुरावा मिळाला.

ट्रॉय जिच्यापायी जळलं म्हणतात, ती इथे देवता. तिला तेल, मांस, सगळं. ताईला हे फारच पटलं. "सासरी बदनाम, माहेरी देव," असं म्हणून ती त्या चौथऱ्याच्या दगडावर बसून संत्रं सोलायला लागली.

जाणार असाल तर टॅक्सी थांबवून ठेवा, वर काही मिळत नाही. शेवटचा चढ पायी आहे आणि सावली अजिबात नाही.